पाटील काय म्हणतो?

आमच्या केशोरीकडे लग्न जमवताना पत्रिका पाहतात, धानाची शेती किती ते पाहतात, आता नोकरीही पाहतात. रक्त कोणी पाहत नाही. ते पाहिलं जातं ते दिवस राहिल्यावर, प्राथमिक आरोग्य केंद्रात. सिस्टरनी माझ्या बोटाला सुई टोचली, थेंब नळीतल्या औषधात सोडला आणि थोड्या वेळाने नळीच्या मागे ओळी छापलेला कागद धरला. ओळी दिसायला हव्या होत्या. दिसल्या नाहीत, नळी गढूळ झाली होती.

सिकलसेल. माझ्या माहेरी हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला. दूरच्या नात्यातला एक मुलगा हातपाय दुखून रात्रभर रडायचा. पण मला कधी साधा कावीळ-ताप नाही. पुढच्या तपासणीत, इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, ‘एएस’ आलं. म्हणजे वाहक. मला स्वतःला त्रास नाही, फक्त एक सदोष जनुक बाळगून आहे. सिस्टर म्हणाल्या, “घाबरू नका मॅडम. आता सरांना आणा.”

‘सर’ म्हणजे माझे यजमान. शिक्षिकेचा नवरा म्हणून गावाने त्यांना सर करून टाकलंय, ते आहेत शेतकरी. त्यांचं रक्त सांगणार होतं की पोटातल्या जिवाच्या वाट्याला काय येतंय. तेही ‘एएस’ निघाले, तर दर खेपेला चारात एक शक्यता पूर्ण आजारी मूल होण्याची. ते ‘एए’ निघाले, तर मूल फार तर माझ्यासारखं वाहक होईल, रुग्ण नाही. हिशेब इतका सोपा की चौथीतल्या मुलांना फळ्यावर शिकवता येईल. पण रोवणीचे दिवस होते, बांधीत पाणी होतं, मजूर मिळत नव्हते.

“मले काय झालं? मी काहून रक्त देऊ?” असं ते म्हणाले, तेव्हा मी काही बोलले नाही. सासूबाई बोलल्या. पऱ्ह्यांची पेंढी हातातून खाली टाकत म्हणाल्या, “तुले काही झालं नाही, म्हणूनच जा. झालं असतं तं गेलाच असता.” दुसऱ्या दिवशी ते चिखलाच्या पायांनीच केंद्रावर गेले.

अहवाल येईपर्यंतच्या काळाबद्दल मला लिहायचं आहे, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. गरोदर बाईने पहिल्या दिवसापासून बाळाशी बोलावं, असं सगळे सांगतात. मी नाही बोलले. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेळेवर घेतली, औषधी मच्छरदाणीत झोपले (आमच्याकडे जंगल जवळ, मलेरिया कधीही दारात), उलट्या होत असतानाही पेज घशाखाली उतरवली. पण पोटावर हात ठेवला नाही. हात ठेवला की नाव द्यावंसं वाटेल, आणि नाव दिलं की मग पुढचा निर्णय मला घेता येणार नाही, अशी भीती होती. डॉक्टरांनी गर्भजल किंवा वारेचा नमुना घेऊन करायच्या तपासणीबद्दल शांतपणे सांगितलं होतं. ते मी ऐकून घेतलं होतं, घरी सांगितलं नव्हतं. बाळाशी जवळीक ही आपोआप, पाझरल्यासारखी येते असं मला तेव्हा वाटेना. ती मी थोपवून धरली होती आणि थोपवता येत होती. आजही मला त्यात काही वावगं वाटत नाही.

त्या दिवसांत मी वाचत होते. भारतात सिकलसेल पहिल्यांदा सापडला तो 1952 मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये. मध्य भारतातल्या वाहकांबद्दलचा शोधनिबंध 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, लिहिणारे शुक्ला आणि सोलंकी. म्हणजे माझी आजीसासू ऐन तारुण्यात होती तेव्हापासून हे कागदावर माहीत आहे. आणि देशपातळीवरचं निर्मूलन अभियान सुरू झालं 2023 च्या जुलैत. मधल्या पासष्ट वर्षांत या भागात किती पत्रिका जुळल्या असतील!

यजमानांचा अहवाल ‘एए’ आला. सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसल्या बसल्या माझ्याकडे न पाहता म्हणाले, “पाटील काय म्हणतो?” आमच्या घराण्यात पाटीलकी वगैरे काही नाही. पण त्या दिवसापासून पोटातल्याचं नाव पाटील पडलं आणि मी पहिल्यांदा पोटावर हात ठेवला.

पुण्याच्या नणंदबाईंना बातमी कळली तशी मोबाइलवर गर्भसंस्कारांची रांग लागली. सकाळी अमुक मंत्र, दुपारी वीणा, संध्याकाळी थोरांची चरित्रं, रात्री मोझार्ट. बालाजी तांबे यांचं गर्भसंस्काराचं पुस्तक आमच्या पिढीच्या कितीतरी घरांत आहे. माझ्या बहिणीकडेही होतं आणि तिला त्यातून धीर मिळाला, हे मी पाहिलंय. धीर मिळत असेल तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वेळापत्रकाची. एखादा दिवस चुकला की मूल बुद्धीने कमी होईल, असं गर्भारबाईला वाटायला लागतं. आणि मोझार्टचं म्हणाल, तर 1993 चा तो गाजलेला प्रयोग झाला होता कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर. संगीत ऐकल्यावर थोडा वेळ त्यांना कागदाच्या घड्यांची कोडी जरा बरी सुटली, एवढंच. गर्भाचा त्यात संबंधच नव्हता.

अभिमन्यूची गोष्टही कोणी ना कोणी सांगतंच. चक्रव्यूहात शिरायचं ऐकलं, बाहेर पडायचं सांगताना सुभद्रेला झोप लागली, म्हणून मुलगा गेला. गर्भारबाईने दुपारी दोन तास आणि रात्री आठ तास झोपावं, असं आरोग्य केंद्रात सिस्टर प्रत्येकीला बजावतात. त्या हिशेबाने सुभद्रा सगळ्यात आज्ञाधारक पेशंट. रात्री-बेरात्री गरोदर बायकोला युद्धशास्त्र ऐकवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

मी शाळेत जात राहिले. पहिलीचा वर्ग, सगळं मोठ्याने चालणारं. साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून पोटातल्या बाळाला आवाज कळू लागतात, आणि सगळ्यात स्पष्ट कळतो तो आईचा, कारण तो हवेतून नाही तर तिच्या हाडामांसातून आत जातो. बाहेरचा आवाज पोटाच्या भिंतीतून आणि पाण्यातून जाताना बोथट होतो; शब्द विरतात, चाल उरते. अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी 1980 मध्ये दाखवलं की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. नंतरच्या अभ्यासात बापाच्या आवाजाचं तसं दिसलं नाही. हे मी यजमानांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग पोटाजवळ तोंड नेऊन धानाचे भाव सांगू लागले. रोज. बोनस जाहीर झाला का, खरेदी केंद्रावर काटा सुरू झाला का, बारदाना आहे का. पाटलाला धानखरेदीची जेवढी माहिती होती तेवढी माझ्या शाळेत कोणालाच नसेल.

पहिली हालचाल दिवाळीनंतर, मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या दिवसांत. पोटात छोटी मासोळी वळली आणि गेली, असं वाटलं. वात असेल म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मी उकडलेले शिंगाडे सोलत होते, तळ्यातले ताजे, ज्यांचे मला डोहाळे लागले होते. हातातला शिंगाडा तसाच धरून बसले. सासूबाईंनी पाहिलं आणि विचारलंही नाही. त्यांना कळलं होतं.

मग थंडीत नाटकं सुरू झाली. आमच्या या झाडीपट्टीत नाटक म्हणजे रात्री उशिरा पडदा उघडणार आणि उजाडेपर्यंत चालणार. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, तंबूत गादीची जागा आणि खुर्चीची जागा वेगळी. “गर्भारबाईने जागरण करू नये,” असं आशाताईंनी सांगितलं होतं, म्हणून मी पहिल्या अंकापुरतीच जायचं ठरवलं. ऑर्गन वाजला, ढोलकीवर थाप पडली, आणि पाटील असा काही उसळला की साडीवरून दिसलं. शेजारी बसलेली एक अनोळखी म्हातारी माझ्या पोटाकडे पाहून म्हणाली, “आपलंच हाय. नाटक वळखलं.” तिसऱ्या अंकापर्यंत बसले मी. विनोदी नट आला की पोट शांत, ढोलकी आली की पुन्हा दंगा.

पौष-माघात केशोरीच्या शिवारात मिरची लाल होते. आमची मिरची तिखटासाठी नावाजलेली. तोडणीच्या दिवसांत अंगणं, छपरं, खळी, सगळं लाल. सातऱ्यावर बायका ओळीने बसून देठ खुडतात, तोंडाला पदर बांधलेला, तरी ठसका सुटत नाही. मला रजा मिळाली होती आणि घरात बसवत नव्हतं, म्हणून मी वाऱ्याच्या उलट्या बाजूला खाट टाकून बसायचे. एक शिंक माझी, एक उसळी आतून. बायका मोजायच्या आणि हसायच्या. त्यातल्या एकीने विचारलं, “मिरची खातेस का वो? पोरगं जळन ना!” मी सांगितलं की जळत नाही, पण चव पोचते. 2001 च्या एका अभ्यासात शेवटच्या महिन्यांत गाजराचा रस पिणाऱ्या आयांच्या बाळांनी पुढे गाजराची चव असलेलं अन्न कमी तोंड वाकडं करून खाल्लं होतं. “गाजर म्हणजे काय, इथं तं मिरचीच हाय,” ती म्हणाली.

याच काळात माझं हिमोग्लोबिन नऊच्या घरात आलं. सिस्टरनी स्पष्ट केलं की वाहक असणं हे त्याचं कारण नाही, लोह कमी पडतंय. लाल गोळ्या चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा-कॅल्शियम वेगळ्या वेळी. खेड्यात चहा टाळायचा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी भांडण. मामाजींनी ते काम अंगावर घेतलं. ओसरीवर कोणी चहाचं नाव काढलं की, “पाटलाले चालत नाही,” म्हणायचे, आणि स्वतः दोन कप प्यायचे.

नवव्या महिन्यात एका संध्याकाळी पाटील गप्प झाला. दुपारपासून काहीच नाही. सांगितल्याप्रमाणे मी गूळपोळी खाल्ली, डाव्या कुशीवर पडले आणि मोजू लागले. दोन तासांत दहा हालचाली लागायला हव्यात. सासूबाई उशाशी, यजमान दारात 102 ला फोन लावायच्या तयारीत. इटियाडोह धरणाकडून येणारा रस्ता, मध्ये जंगल, अर्जुनीचं ग्रामीण रुग्णालय लांब, हे सगळं त्या शांततेत डोक्यात फिरत होतं. आकडा चारवर अडला. तेव्हा यजमान आत आले आणि, मला वाटतं घाबरूनच, रोजच्यापेक्षा मोठ्याने पोटाशी म्हणाले, “पाटील, आज केंद्र बंद हाय. बारदाना संपला.” पाच, सहा आणि मग लागोपाठ. तरीही आम्ही आरोग्य केंद्रावर जाऊन ठोके ऐकून आलो. एकशे चाळीस. अहवालानंतर जो धीर धरायला मी शिकले होते तो त्या रात्री एका सेकंदात संपला होता. आता थोपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून साकोलीला गेले. मोहफुलं पडायला लागली होती. मुलगी झाली. यजमानांनी मामाजींना फोन लावला, तर त्यांचा पहिला प्रश्न, “पाटलीण काय म्हणते?” घरातल्या सगळ्यांना वाटलं होतं की ती बापाचा आवाज ओळखेल. नाही ओळखला, भाव सांगत ते पाळण्याशी उभे राहिले आणि ती झोपून गेली. ढोलकीचं अजून कळायचंय.

तिचं रक्त तपासायचं आहे. सहा महिन्यांच्या आत गर्भातलं हिमोग्लोबिन रक्तात असतं, त्यामुळे ती नळीची तपासणी भरवशाची नसते, थोडं थांबा म्हणाले. ती वाहक असण्याची शक्यता अर्धी. असली तर तिच्या लसीकरणाच्या कार्डालाच तो कागद टाचून ठेवणार आहे, आणि स्थळं येऊ लागतील तेव्हा पत्रिकेआधी तोच पुढे करणार आहे. सासूबाईंना हे पटलंय. मामाजींना पटवायचं बाकी आहे. सध्या त्यांचा सगळा जोर तिला कधी एकदा मिरचीचं बोट चाटवतो यावर आहे, आणि मला दिवसातून चारदा ओसरीवर जाऊन पाहावं लागतं.