वाहून गेलेलं सिमेंट

भरलेली दाढ दोन महिन्यांत रिकामी झाली की पेशंटचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "साहेब, वाहून गेलं जी तुमचं सिमेंट!" जणू मी कन्हान नदीच्या पात्रात बंधारा घातला होता. पण शब्द त्याचा नेमका आहे. सिमेंट वाहूनच जातं. कशात, हे मात्र मला उशिरा कळलं.

नागपुरात शिकत असताना आम्ही ते पाण्यात मोजायचो. सिमेंटची चकती 37 अंशांवर 24 तास डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायची, मग पाणी आटवून तळाशी उरलेला पांढुरका थर तोलायचा. झिंक फॉस्फेटचं सिमेंट यात ऐटीत पास व्हायचं. 1972च्या सुमारास लंडनच्या विल्सन आणि केंट यांनी पुढे आणलेलं ग्लास आयोनोमर मात्र संशयित ठरायचं. कोवळेपणी ते पाण्यात सोडियम, फ्लोराइड सोडतंच. तोंडात निकाल बहुधा उलटा लागतो.

कारण तोंडात नुसतं पाणी नसतं. दातांवरच्या किटणातले जंतू साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात. म्हणून आयएसओच्या चाचणीत अॅक्रिलिकमध्ये 5 मिलिमीटर रुंद, 2 मिलिमीटर खोल खळगा घेऊन त्यात सिमेंट भरतात, ते काठाशी सपाट घासतात आणि 2.74 पीएचच्या लॅक्टिक आम्लात 24 तास बुडवतात. नंतर सिमेंट किती खाली गेलं ते मोजायचं. झिंक फॉस्फेटला 0.30 मिलिमीटरपर्यंत मुभा, ग्लास आयोनोमरला फक्त 0.17. वजनापेक्षा ही खोली मला जास्त पटते. दातातही खड्डाच पडतो ना!

पण खळगा भरतो कोण? आपला हात. मे महिन्यात पारा 45च्या पुढे गेला की स्लॅबवरचं मिश्रण बघता बघता आवळतं. मग हात चोरटा होतो: पावडर जरा कमी, नाहीतर लिक्विडचा एक थेंब जास्त. एकदा मी एकाच बाटलीतून दोन खळगे भरले, एक तोलून आणि एक असाच अंदाजाने, आणि दोन्ही आम्लात ठेवले. पातळ मिश्रणाचा खळगा डोळ्यांनाच खोल दिसत होता. मोजायची गरजच नव्हती. कंपनीला शिव्या देण्याची माझी सवय त्या दिवशी सुटली.

तेव्हापासून काचेचा स्लॅब गार करून घेतो. उन्हाळ्यात ते सोपं, हवा कोरडी असते. जुलैत मात्र गार काचेवर दव धरतं आणि ते पाणी मिश्रणात उतरलं की सगळं मुसळ केरात. काच पुसायची, नुसता गारवा लागेल एवढीच गार ठेवायची आणि ग्लास आयोनोमर भरल्यावर वर व्हार्निश किंवा व्हॅसलीनचा हात फिरवायचा. लाळेने ते कोवळेपणी धुपतं, तसं उघडं वाळलं तर तडकतंही.

म्हणून दाढ भरल्यावर डॉक्टर तासभर काही खाऊ-पिऊ नका म्हणाले तर ऐका. खर्रा नकोच, पण आपला संत्र्याचा रसही त्या दिवशी राहू द्या.