टेम्पोचा नंबर आणि समुद्रातले जहाज

आम्ही दोघे भाऊ अंबाजोगाईच्या मोंढ्यात टेम्पो चालवतो. शहराला रेल्वे नाही. गाडी धरायची तर परळी नाहीतर घाटनांदूर. सोयाबीन असो की सिमेंट, सगळे रस्त्यानेच हलते आणि भाड्यासाठी आम्हा टेम्पोवाल्यांत रोज ओढाताण चालते.

तरी मागच्या सुगीत बर्दापूरजवळ आमचा पाटा तुटला, तेव्हा थांबला तो स्टँडवर आमच्याशी सर्वांत जास्त भांडणारा. त्याने आमची पोती आपल्या गाडीत घेतली, लातूरला पोचवली, डिझेलचे पैसे कापून बाकीचे भाडे हातात दिले. आणि आठ दिवसांनी पोत्यामागे दोन रुपये कमी सांगून आमचे जुने गिऱ्हाईक त्यानेच नेले! राग आला, पण चोरी म्हणता येईना.

आमचा मावसभाऊ न्हावाशेवा बंदरात ट्रेलरवर आहे. तो म्हणतो, मोठ्यांचेही असेच असते. पेटीवर नाव एकाचे, जहाजावर दुसऱ्याचे. मर्स्क आणि एमएससी या जगातल्या सर्वांत मोठ्या दोन जहाज कंपन्या. २०१५ पासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या एकमेकींच्या जहाजांवर कंटेनर ठेवत होत्या. मग मर्स्कने जर्मनीच्या हापाग-लॉईडशी जोडी जमवली. वीस हजार पेट्यांचे जहाज दर आठवड्याला एकट्याच्या मालाने भरत नाही आणि रिकाम्या जागेचे भाडे कोणी देत नाही. म्हणून जागा वाटून घ्यायची. गिऱ्हाईक आणि दर मात्र ज्याचा त्याने बघायचा. पूर्वी या कंपन्या मंडळ करून दरही मिळून ठरवत. युरोपने ती मुभा २००८ साली काढून घेतली.

हे ऐकून आम्ही गप्प झालो. दोन वर्षांपूर्वी आमच्या स्टँडवरही ठरले होते की अमुक दराखाली कोणी जायचे नाही. डिझेल महागले होते, आम्हीही हात वर केला. पहिल्याच आठवड्यात आमच्या वस्तीतली एक मावशी चार पोती ज्वारी घेऊन आली. लेकीकडे पाठवायची होती. सगळ्यांनी एकच आकडा सांगितला.

"लेकरांनो, तुम्हीबी तेच म्हणता का?"

आम्ही तेच म्हणालो. तिने ज्वारी तिथेच मोंढ्यात पडत्या भावाने विकली.

तो ठराव पुढे मोडला. आता नंबर लावतो, परतीची रिकामी गाडी एकमेकांना सांगतो, बंद पडलेल्याचा माल उचलतो. दर ज्याचा त्याचा. पण परवा हिशोब केला तर फेरीमागे हातात काही उरत नव्हते. स्टँडवर पुन्हा बैठकीची भाषा सुरू आहे. जायचे की नाही, यावर आम्हा दोघांचे अजून एकमत झालेले नाही.