मोहाची चव

आमच्या घरात बाटली येत नाही. तेलाची येते, औषधाची येते. पण ज्या अर्थाने ‘बाटली’ हा शब्द उच्चारताना माणसे आवाज खाली आणतात, त्या अर्थाची बाटली आबाजींच्या मरणानंतर आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. बाबांचा तसा दंडकच होता. म्हणून गेल्या चैत्रात माझा आतेभाऊ ती घेऊन आला, तेव्हा त्याने ती टॉवेलात गुंडाळून थेट गच्चीवर नेली आणि मी जिन्याचे दार ओढून घेतले. बाबा शाळेच्या कामाने भंडाऱ्याला गेले होते.

प्राध्यापक मंडळींनी भुवया उंचावण्यापूर्वी सांगून टाकतो, हा लेख मद्याच्या प्रशस्तीचा नाही. मी एकंदर चार घोट घेतले आणि त्यांचा हिशेब मला अजून लागलेला नाही. तो लावण्यासाठीच लिहितो आहे.

दादा संगणकाच्या नोकरीत आहे. दोन वर्षे अमेरिकेत राहून आला. त्याने आणलेल्या बाटलीचे नाव ‘बिगफूट’. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा नावाच्या कारखान्यात १९८३ पासून ती होते. या प्रकाराला ‘बार्ली वाइन’ म्हणतात. नावात वाइन असली तरी द्राक्षाचा संबंध नाही. ही जवाची बियर. मात्र साधी बियर चार-पाच टक्क्यांची, तर ही साडेनऊच्या वर. मोड आणलेले जव भरपूर घ्यायचे, त्यांचा गोड काढा दाट करायचा आणि त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले सढळ हाताने टाकायची. फुलांनी कडूपणा येतो आणि पेय टिकतेही. मूळ पद्धत इंग्लंडची. अमेरिकेने त्यात फुले वाढवली. लोक म्हणे अशा बाटल्या वर्षानुवर्षे तळघरात ठेवतात आणि चव कशी बदलली ते पाहतात. आमच्याकडे लोणच्याची बरणी ठेवतात तसे.

सूर्य कलला होता. जगन्नाथ टेकडीच्या बाजूने गुरे परतत होती. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने जिथे प्राचीन स्तूप उकरून काढला, तीच ही टेकडी. आम्ही स्टीलच्या पेल्यांत ओतले. रंग काकवीचा. वर मातकट फेस. मी नाकाशी नेले, तर पहिला वास संत्र्याचा. फोडीचा नव्हे, सालीचा. नखाने साल सोलताना डोळ्यांत चिळकांडी उडते ना, तो. जिभेवर आल्यावर प्रथम गोड लागले, पाक करपायच्या बेतात असतानाच्या गुळासारखे. आणि मागोमाग कडू. कारल्याचे कडू नव्हे. पाडव्याला गुळाबरोबर कडुनिंबाची कोवळी पाने चावतो, त्यातले. गूळ आधी संपतो आणि निंब उरतो, अगदी तसे. मग घशातून छातीत ऊब उतरली.

इथे चव संपायला हवी होती. पण तिसऱ्या घोटानंतर, अगदी शेवटी, मला एक ओळखीचा वास आला. वाळत घातलेल्या मोहफुलांचा.

मोह पाहिला नाही असा मुलगा आमच्या भागात सापडायचा नाही. फाल्गुन-चैत्रात झाड निष्पर्ण होते आणि फांद्यांच्या टोकांशी फुलांचे घोस येतात. फूल खुडायचे नसते. ते रात्रीतून आपणच गळते. पहाटे झाडाखाली गेले की जमिनीवर फिक्या पिवळ्या मण्यांचा सडा. मी लहान असताना आजी मला तिच्या भावाच्या शेतावर नेत असे. शेत कऱ्हांडल्याच्या जंगलाच्या अंगाला. अस्वलालाही मोह आवडतो आणि वाघाचीही भीती, म्हणून बायका मोठ्याने बोलत वेचायच्या. ताजे फूल तोंडात टाकले की फुटते आणि गोड रस येतो. दोन-चार खाल्ली की त्याचा उग्र वास घशाशी बसतो. उन्हात वाळून ते मनुकेसारखे तपकिरी होते. वाळल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणून त्याचे लाडू होतात, आणि म्हणूनच त्याची दारूही होते. पाण्यात फुले भिजवून आंबवली की त्याला ‘सडवा’ म्हणतात; तो भट्टीवर चढवला की वाफेची धार निघते. जंगलातल्या गोंड समाजात जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींना हीच लागते. आणि गावात ज्यांची घरे बुडाली, तीही हिच्यातच बुडाली.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात जिन्याचे दार वाजले. आजी वर आली होती. पापड काढायचे राहिले होते. पेले लपवायला वेळच मिळाला नाही. तिने आमच्याकडे पाहिले नाही. हवेत नाक वर केले.

“कायचं आहे हे?”

“जवाचं आहे, आजी,” दादा चाचरत म्हणाला. “त्याच्यात एक फूल टाकतात. कडू असते.”

“कडू फुलाची दारू?” आजी हसली. ती रागावेल असे वाटले होते, पण ती तिथेच पापडांच्या खाटेवर बसली. “आन इकडं.”

तिने पेला तोंडाला लावला नाही. नुसता हुंगला, बराच वेळ. मग परत दिला.

“मोहाचंच भावंडं दिसते.”

आणि मग, कोणी विचारले नसताना, ती आबाजींविषयी बोलली. आबाजी कसे गेले हे मला ठाऊक होते. बाबा सातवीत होते. यकृताचा आजार, सुजलेले पोट, भंडाऱ्याचा दवाखाना. पण आजीने जे सांगितले ते मी कधी ऐकले नव्हते.

“चैतात मी मोह वेचाले जाओ. वारवला का दुकानात इकाव. दुकानातून तो कोठी जाते, हे का मले ठाऊक नव्हतं? नाल्यापल्याड भट्टी होती. तुहे आबाजी तेथंच बसत. म्या वेचलं, म्या वारवलं, म्या इकलं. अन् त्यायनं तेच पेलं.”

“मग विकायचे बंद का नाही केले?” माझ्या तोंडून गेले.

तिने माझ्याकडे असे पाहिले की शिकलेल्या माणसाचा प्रश्न किती सोपा असतो ते मला कळले.

“तुह्या बापाची फी कोठून भरली असती, बाबू?”

वर्गात आपण द्वंद्व शिकतो, शोकांतिका शिकतो. त्या संध्याकाळी मी पापडांच्या खाटेजवळ उभा होतो आणि माझ्या हातात अर्धा पेला होता. ज्या घरात दारू येत नाही, ते घरच मोहाच्या पैशांवर उभे होते. बाबांची डी.एड., मास्तरकी, आणि त्या मास्तरकीच्या पगारावर चाललेले माझे एम.ए.

नंतर मी ग्रंथालयात थोडे वाचले. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे-कुलाबा भागासाठी मोहाच्या फुलावर कायदाच केला होता. दारूवर नव्हे, फुलावर. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती लोकांनी, विशेषतः बायकांनी लढून मिळवली. दुसरीकडे २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करण्यावरचे निर्बंध उठवले, आणि मध्य प्रदेशात मोहाची दारू ‘हेरिटेज’ म्हणून बाटलीत भरून विकण्याचे धोरण आले. उद्या कदाचित कोणी कॅलिफोर्नियात ती बाटली उघडेल, तिचा रंग पाहील, वास घेईल आणि शेवटी कोणती चव राहते ते लिहील. लिहावे. पण भट्टीवर बसणारा आणि पहाटे वेचणारी एकाच घरातली होती, हे त्या चवीत त्याला सापडेल का?

गडचिरोलीच्या बायका बरोबर होत्या. माझी आजी चूक होती, असे मात्र मला म्हणता येत नाही. हिशेब लागत नाही म्हणालो, तो इथे.

दुसऱ्या दिवशी बाबा परतल्यावर मी त्यांना बाटलीचे सांगून टाकले. चोरून ठेवणे जमले नसते. ते ओरडले नाहीत. अंगणात पाय धूत होते, ते धूतच राहिले. म्हणून मी फीचेही सांगितले. आजीने कधी सांगितले नसेल, असे मला वाटले होते.

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “फी भरायला नोटा खिशात घालून जायचो, तर वर्गभर मोहाचा वास यायचा. पोरं हसायची.”

त्यांनी पाय पुसले आणि आत गेले. मला वाटले विषय संपला.

त्या रविवारी पहाटे स्कूटरच्या आवाजाने मला जाग आली. बाहेर येऊन पाहतो, तर बाबा किक मारत होते आणि मागे आजी बसली होती, मांडीवर रिकामी टोपली घेऊन. आजीच्या भावाच्या शेतावरचा मोह अजून गळत होता. कितीतरी वर्षांनी बाबा तिकडे निघाले होते.

ती दोघे नऊ वाजता परतली. टोपली निम्मी भरली होती. बाबांनी ती गच्चीवर नेली आणि जुन्या धोतरावर फुले पसरली. ही विकायची नाहीत, एवढेच म्हणाले. लाडू करायचे ठरले.

मी एक फूल उचलून तोंडात टाकले. गोड होते. मागचा उग्र वासही होता. या वेळी मी तो थुंकला नाही.