तळ्याचा शेजार

तळं खोदता येतं, वसवता येत नाही. ते वसवणारे दुसरेच असतात, आणि त्यांना आमंत्रण धाडायची काही सोय नसते.

कर्जतच्या बाजूला आता फार्महाउसला तळं हवंच असतं. कोंडाण्याला आमच्या एका स्नेह्यांनीही ते करून घेतलं. वर राजमाचीचा डोंगर, खाली उल्हास नदी आणि मधल्या उतारावर जेसीबीनं उकरलेला तांबडा मुरूम. मे महिन्यात त्या खड्ड्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. जून सरता सरता तो भरला आणि वस्तीला सुरुवात झाली.

आधी पाणनिवळ्या दिसल्या. मग पिवळेधमक बैल बेडूक, ज्यांच्या ओरडण्यानं मुंबईहून आलेल्या पाहुण्यांची झोप उडाली. त्यांच्यामागून चतुर. पावसाळी डबक्यांवर थव्यानं घिरट्या घालणारा पँटाला फ्लेव्हेसेन्स हा पिवळसर चतुर म्हणजे मोठा प्रवासी. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञानं २००९ साली असं मांडलं, की पाऊस ओसरल्यावर हे चतुर भारतातून निघून समुद्रावरून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. एवढ्या लांबच्या कारभारातलं एक बाळंतपण या कालपरवाच्या खड्ड्यात उरकून जातं.

‘पण मासे कुठून आले?’ हा पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न. गावात तो कोणी विचारत नाही, कारण वलगण सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. ओहोळातून वर, ओहोळातून भातखाचरात. तळ्याचा सांडवा ओहोळाला मिळालेला असला की त्यांचं काम झालं. मरळ तर हवेतही श्वास घेते आणि ओल्या गवतातून थोडं अंतर सरपटत पार करते.

वनस्पतींचं येणं याहून गुपचूप. मातीच्या ढिगाऱ्यावर टाकळा आणि तेरडा उगवले, मागाहून कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आले. काठच्या चिखलात लव्हाळा आणि माका. ढोकरी येऊन उभी राहिली, की तिच्या पायांना लागलेल्या चिखलातूनही बी येत असणार. डार्विननं एका छोट्या तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल सहा महिने अभ्यासिकेत झाकून ठेवला होता. उगवेल ते रोप उपटून तो मोजत गेला, आणि आकडा निघाला ५३७. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये, १८५९ साली, त्यानं ही नोंद दिली आहे. चिखल झाडून टाकणाऱ्या माणसाच्या हातून काय काय निसटतं, हे त्या आकड्यावरून कळावं.

एका कडेला मुरमातून पाणी पाझरत राहतं. मालकांना ती जागा ओसाड वाटे. तिथं लाल माती टाकून लॉन करायचा त्यांचा बेत होता. तो लांबत गेला आणि श्रावणात तिथं सीतेची आसवं फुलली, बोटभर उंचीच्या दांड्यांवर इवली जांभळी फुलं. निकस, ओल्या जमिनीत तगण्यासाठी या वनस्पतीकडे सूक्ष्म जीव पकडणाऱ्या बारीक पिशव्या असतात. जमिनीचं दारिद्र्य हेच तिचं भांडवल. चांगली माती पडली असती तर गवतानं तिला उभंही राहू दिलं नसतं.

हे सगळं पाहताना वाटतं, की यात तळ्याचं कर्तृत्व थोडं आणि शेजाराचं फार. डोंगराला जंगल आहे, ओहोळाला नदी आहे, म्हणून देणारे हात आहेत. हाच खड्डा चहूबाजूंनी काँक्रीट असलेल्या जागी काढला, तर डास तेवढे वेळेवर येतील. शेततळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात, तो पाणी जिरू नये म्हणून. शेतकऱ्याची ती गरज खरीच. पण त्या गुळगुळीत उतारावर लव्हाळ्याला मूळ धरता येत नाही आणि पाणी प्यायला उतरलेलं जनावर वर चढू शकत नाही.

मालकाच्या हौसेला मात्र धीर नसतो. नर्सरीतून कमळाचे गड्डे येतात, मत्स्यबीज येतं, कुणी हौसेनं जलपर्णीही आणून सोडतो. उन्हाळ्यात तळाला भेगा पडल्या की टँकर मागवावासा वाटतो. खरं तर आटणारं तळं बेडकांना सोयीचं, कारण बारमाही पाण्यातले मासे त्यांची पिल्लं खाऊन टाकतात. कोरड्या तळात काहींची अंडी, काहींचं बी पुढच्या पावसाची वाट पाहत असतं.

आता बोलणं चाललंय ते कुंपणाचं. सांडव्याला जाळी बसवली की मासे बाहेर जाणार नाहीत, आणि तारेचं कुंपण घातलं की वाडीवरचे लोक आत येणार नाहीत. जाळी बसली तर पुढच्या वलगणीचे मासेही बाहेरच थटतील, एवढं स्नेह्यांना पटलं. तारेबद्दल त्यांचं मन अजून डळमळतं. पण मुठे धरायला आणि रानभाजी खुडायला ओहोळाकडे जाणारी कातकरी-ठाकरांची पायवाट या तळ्याच्या कितीतरी आधीची आहे. ढोकरीला मोकळीक देऊन फक्त माणसाला अडवणारी खासगी मालकी मला अपुरी वाटते. ज्या शेजारानं तळं भरून दिलं, त्याची वाट बुजवून ते राखता येणार नाही.