उजवे पुढचे चाक

२०१७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील ट्रियर धर्मप्रांतात, आयफेलच्या डोंगराळ भागातील एका लहानशा गावी, मी महिनाभर बदली धर्मगुरू म्हणून राहिलो होतो. तेथील धर्मगुरू सुट्टीवर गेले की आमच्यासारखे कोणी तरी त्या दिवसांपुरते जातात. हा रिवाज आता जुना झाला आहे. न्यूर्बुर्गरिंगची शर्यतवाट गावापासून जवळच. वारा त्या बाजूचा असला की मिस्सेच्या वेळी देवळात इंजिनांची घरघर ऐकू येई. १९२७ साली खुली झालेली तिची जुनी उत्तर वाट सुमारे २१ किलोमीटरांची. १९७६ मध्ये निकी लाउडा याच वाटेवर भाजून मरता मरता वाचला. १९८४ पासूनची नवी वाट मात्र जेमतेम ५.१५ किलोमीटरांची आहे.

देवळात ऑर्गन वाजविणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. सारा जन्म मोटारी दुरुस्त करण्यात गेला होता. त्यांच्या तिशीतल्या मुलापाशी एक दोन आसनी खुली मोटार होती. हौशी लोकांना शुल्क भरून नव्या वाटेवर गाडी चालविता येते, अशा एका दिवशी बापलेकांनी मलाही नेले. दुपारी एक फेरी मला शेजारी बसवून मारायची, असे मुलाने ठरविले होते. मी होकार दिला खरा. पण मनातून धास्तावलो होतो, हे आता कबूल करावयास हरकत नाही.

पहिल्या काही फेऱ्या मारून मुलगा परतला, तोच वडील हातात पायरोमीटर घेऊन धावले. या यंत्राला एक सुई असते. ती प्रत्येक टायरच्या रबरात आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला, अशी तीन ठिकाणी खुपसून तापमान पाहावयाचे. टायरची वरची त्वचा क्षणात निवते, म्हणून सुई थोडी आत गेली पाहिजे आणि घाईही केली पाहिजे. या तीन आकड्यांवरून पुष्कळ कळते. मधला भाग अधिक तापला तर हवा जास्त. दोन्ही कडा तापल्या तर हवा कमी. चाकाचा माथा आत फार कलला असेल तर आतली कड तापते. पुरेसा कलला नसेल तर बाहेरची. वडील आकडे सांगत आणि मुलगा वहीत लिही. दोघांमध्ये एरवी बोलणे फारसे होत नसावे. आकड्यांच्या निमित्ताने होत होते.

पुढचे डावे चाक : ८४, ८०, ७७. पुढचे उजवे : ८६, ९२, ८७.

ही वाट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते. वळणे बहुतेक उजवीकडची, म्हणून भार पडतो डाव्या चाकांवर, आणि तापावयास हवे तेही डावेच. येथे सारे उलटे झाले होते. सकाळी गार असताना दोन्हींत १.८ बार हवा होती. आता डाव्यात २.१, तर उजव्यात २.३ भरली. मधला भाग तापला आहे, अर्थात हवा जास्त आहे, असे म्हणून मुलाने उजव्यातील हवा सोडली आणि तो पुन्हा गेला. परतल्यावर आकडे आले ९३, ९३, ९४. मधला फरक मिटला, पण सबंध टायर आणखी तापला होता.

आता चाकाचा कल बदलावा की काय, यावर बापलेकांची चर्चा जुंपली. मला त्यातले काही कळत नव्हते. मला आठवले ते वसईचे आमचे थोरले बंधू. भाजीचा टेम्पो घेऊन पहाटे दादरला जाताना ते वाटेत थांबले की चारी चाकांभोवती एक फेरी मारीत आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापाशी तळहात धरीत, टायरला नव्हे. मीही तसाच हात धरला. डावीकडे ऊब होती. उजवीकडे हात जवळ नेववेना.

“हेर पास्टोर, काय झाले?” वडिलांनी विचारले. मी हात दाखविला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. त्याचा अर्थ मला उशिरा कळला.

गाडी जॅकवर चढविली. डावे चाक एका बोटाने भिरभिरले. उजवे अर्ध्या फेऱ्यातच अडले. चाक काढले तेव्हा ब्रेकची तबकडी निळसर पडलेली दिसली. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यांतील एक कोरडी ठणठणीत होती. पाय काढल्यावरही ब्रेक सुटत नव्हता. ती उष्णता चाकात, चाकातून आतल्या हवेत, हवेतून रबरात गेलेली. हवा वाढली होती ती तापल्यामुळे, आणि आम्ही वाढीलाच कारण समजलो. सरळ रस्त्यावर गाडी किंचित उजवीकडे ओढते, असे मुलगा सकाळपासून दोनदा म्हणाला होता. तसेच आणखी काही फेऱ्या झाल्या असत्या, तर ब्रेकचे तेल उकळून ऐन वळणावर पाय पोकळ गेला असता. आणि शेजारच्या आसनावर मी असतो.

ब्रेकचे पॅड आदल्याच आठवड्यात वडिलांनी घरी बदलले होते. डाव्या बाजूच्या पिनांना ग्रीस लावले होते. उजव्या बाजूच्या एका पिनेला लावावयाचे राहून गेले.

कोणीच काही बोलले नाही. वडिलांनी ती पिन फडक्याने पुसली, पुन्हा पुसली. मग मुलाने ग्रीसचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाला, “पापा, गेल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ फारच टाकले होते. त्यानेच गंजली असेल.” पिनेवर गंजाचा ठिपकाही नव्हता. वडिलांनी मुलाकडे पाहिले आणि डब्यात बोट घातले.

माझी फेरी त्या दिवशी झाली नाही. परतताना ती वही माझ्या मांडीवर होती. तापमानाच्या तीन रकान्यांपुढे कारणाचा चौथा रकाना मुलाने आखला होता. त्या तारखेपुढे तो कोरा होता.