मधला चेंडू

टेनिसच्या साऱ्या फटक्यांत फोरहँड हाच खरा संसारी माणसाचा फटका, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्यात तळहात चेंडूकडे असतो. दार लोटणे, मित्राच्या पाठीवर थाप मारणे, प्रसंगी चिरंजिवांना चपराक देणे, ही सारी फोरहँडचीच घरगुती रूपे! त्याला वळण तेवढे लावावे लागते. बॅकहँडला मात्र हाताची पाठ पुढे करावी लागते, आणि ते माझ्या स्वभावातच नाही.

लहानपणी जिमखान्यातला मार्कर सांगे, "खांदा वळवा, रॅकेट आधीच मागे न्या, चेंडू अंगाच्या पुढे गाठा आणि रॅकेट खालून वर जाऊ द्या." एवढ्या शिदोरीवर मी दादाबरोबर पंचवीस वर्षे डबल्स खेळलो. मी उजव्या कोर्टात, तो डाव्या. लोक माझ्या फोरहँडला टाळ्या देत. दादाच्या खेळाबद्दल कुणी फारसे बोलत नसे.

पुढे आई गेली. जुन्या घराच्या वाटणीची गोष्ट निघाली तेव्हा मी बोलून गेलो, "इतकी वर्षं घर तूच वापरलंस, त्याचाही हिशेब होऊ दे." दादा काही बोलला नाही. त्यानंतर तीन दिवाळ्या गेल्या. फराळाचे डबे मुलांच्या हाती येत-जात राहिले. आम्ही दोघे गेलो नाही.

मी सिंगल्स खेळू लागलो आणि आठवड्याभरात माझे पितळ उघडे पडले. समोरचे पेन्शनर गृहस्थ शांतपणे प्रत्येक चेंडू माझ्या डावीकडे टाकीत. मी बॅकहँड चुकवून, धावत वळसा घालून फोरहँडच मारी. स्टेफी ग्राफही असाच वळसा घाली, आणि १९८८ साली चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा नि सोलचे ऑलिंपिक सुवर्णपदक तिने जिंकले. पण तिला तिचे पाय होते! मी डावीकडे पळालो की उजवे अंगण मोकळे पडे.

रात्री सौभाग्यवतीपुढे कागदावर कोर्ट काढून मी माझी कैफियत मांडली.

"डबल्समध्ये नाही बरं असं व्हायचं!" ती म्हणाली. "तेव्हा तुमच्या डावीकडे काय असायचं?"

"कोर्टाचा मध्य. मधला चेंडू डाव्या कोर्टातल्यानं घ्यायचा. त्याच्या तो फोरहँडला येतो ना."

"म्हणजे तुमचे अवघड चेंडू भावोजी घ्यायचे. आणि त्यांच्या स्वतःच्या डावीकडचे?"

"तेही तोच."

ती काही बोलली नाही. मी त्या कागदाकडे पाहत राहिलो. आईच्या अंथरुणाशी चार वर्षे दादा होता. मी महिन्याला पैसे पाठवीत होतो आणि नातेवाईक माझे कौतुक करीत होते. त्याच घराचा मी त्याच्याकडे हिशेब मागितला होता.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी दादाला फोन केला. आधी ते वाक्य मागे घेतले. फार अडखळत घेतले. मग विचारले, "रविवारी कोर्टावर येतोस?"

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही.

"गुडघे गेलेत रे माझे," तो म्हणाला. "मधला चेंडू आता तुला घ्यावा लागेल."

"घेईन," मी म्हणालो.

तेव्हापासून रोज सकाळी जिमखान्याच्या भिंतीवर मी बॅकहँड शिकतो आहे.