अपलिंकवरची रांग आणि काट्याचा फोन

नेटवर्क स्विचमध्ये रांग लागते ती पॅकेट ज्या पोर्टमधून बाहेर पडते तिथे. अनेक पोर्टमधून आलेली रहदारी एकाच वाटेने पुढे जायची असते, त्या वाटेचा वेग अपुरा पडतो आणि पॅकेट्स बफरमध्ये थांबू लागतात. बफर भरला की पुढचे पॅकेट टाकून दिले जाते. प्राधान्यक्रम लावल्याने लिंकचा वेग तसूभरही वाढत नाही. कोणी आधी जायचे, कोणी थांबायचे आणि वेळ आली तर कोणाला टाकून द्यायचे, एवढेच त्यातून ठरते. त्यामुळे या कामाची सुरुवात कमांडपासून होत नाही. कोणत्या कामाला थांबणे परवडत नाही, हे आधी ठरवावे लागते.

पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्यात हे काम करावे लागले ते गळीत हंगाम भरात असताना. वजनकाट्याच्या केबिनमधला स्विच 100 मेगाबिटच्या फायबर लिंकने मुख्य कार्यालयाशी जोडलेला होता. त्या एका स्विचवर काटा, गव्हाण आणि गेट इथले आयपी फोन, वजनाच्या पावत्या करणारे संगणक आणि 16 कॅमेरे होते. तक्रार अशी होती, की काट्यावरून फोन आला की कार्यालयात आवाज तुटक ऐकू येतो. काट्यावरच्या लिपिकाला मात्र कार्यालयातले बोलणे स्वच्छ ऐकू येत होते.

तक्रारीतली ही एकतर्फी बाजू निदानाला फार उपयोगी पडते. फोनवरच्या बोलण्याचे दोन स्वतंत्र प्रवाह असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या रांगांतून जातात. काट्याकडून कार्यालयाकडे जाणाराच आवाज तुटत असेल, तर कोंडी काट्याच्या स्विचच्या अपलिंकवर, बाहेर जाण्याच्या दिशेला असते. कॅमेऱ्यांचे चित्रीकरण त्याच दिशेने रेकॉर्डरकडे जात होते आणि काट्याच्या संगणकांचा बॅकअपही. उलट दिशेला गर्दीच नव्हती. प्राधान्यक्रमाचे नियम कोंडीच्या पोर्टवरच लावावे लागतात. दुसऱ्या टोकाच्या स्विचवर ते कितीही नेटके लावले तरी या आवाजाला त्याचा काही उपयोग होत नाही.

वापराचा आलेख पाहिला तर लिंक भरलेली दिसत नव्हती. प्रत्येक कॅमेऱ्याचे 4 मेगाबिट धरले, तर 16 कॅमेऱ्यांचे 64 मेगाबिट होतात आणि आलेखही सत्तरच्या आसपास रेंगाळत होता. पण असा आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. रांग भरते आणि ओसरते ती मिलिसेकंदांत. कॅमेरा ठरावीक अंतराने संपूर्ण चित्राची मोठी फ्रेम पाठवतो. काही कॅमेऱ्यांच्या अशा फ्रेम एकाच क्षणी आल्या की तेवढ्यापुरती लिंक तुडुंब भरते. बॅकअप टीसीपीवर चालतो आणि टीसीपी पॅकेट गळेपर्यंत आपला वेग वाढवत राहतो, म्हणजे उरलेली जागाही तोच व्यापतो.

याचा फोनवर होणारा परिणाम हिशेबाने दाखवता येतो. जी.711 पद्धतीने बोलणारा फोन दर 20 मिलिसेकंदांना 160 बाइट आवाजाचे एक पॅकेट पाठवतो, म्हणजे सेकंदाला 50 पॅकेट्स. सगळी हेडर धरून एका बोलण्याला सुमारे 90 किलोबिट लागतात. एकाच वेळी दहा जण बोलत असले तरी ते 1 मेगाबिटच्या आतच बसते. दुसरीकडे पूर्ण आकाराची इथरनेट फ्रेम 100 मेगाबिटच्या लिंकवरून जायला सुमारे 0.12 मिलिसेकंद घेते. आवाजाच्या पॅकेटपुढे अशा 200 फ्रेम उभ्या असल्या, तर त्याला जवळजवळ 25 मिलिसेकंद थांबावे लागते. तेवढ्या वेळात फोनमधून पुढचे पॅकेट निघालेले असते. एका दिशेच्या विलंबाला जी.114 शिफारशीत 150 मिलिसेकंदांची मर्यादा सांगितली आहे आणि 25 हा आकडा तिच्या बराच आत आहे. तरीही आवाज तुटतो, कारण विलंब सारखा बदलत राहतो. ऐकणाऱ्या फोनचा बफर जेवढी वाट पाहतो त्यापेक्षा उशिरा आलेले पॅकेट पोहोचूनही वाया जाते.

पुढची पायरी वर्गवारीची. ती करण्यासाठी काट्यावर, गव्हाणीवर आणि शेतकी विभागात बसून प्रत्येक कामाला किती थांबणे चालते हे विचारून घेतले. आवाजाला थांबणे चालत नाही. वजनाची नोंद अर्ध्या सेकंदाने उशिरा गेली तरी चालते, पण ती गळता कामा नये, कारण पावतीवर ऊस उत्पादकाचे पैसे ठरतात. कॅमेऱ्यांना सलग जागा लागते. बॅकअप पहाटेपर्यंत पुरा झाला म्हणजे झाले. ही उत्तरे कोणत्याही मॅन्युअलमध्ये मिळत नाहीत आणि पुढचे सगळे त्यांच्यावरच उभे राहते.

वर्ग ठरले की पॅकेटवर खूण लागते. व्हीलॅनच्या टॅगमध्ये प्राधान्यासाठी 3 बिट असतात, त्यातून 0 ते 7 असे आठ दर्जे मिळतात. पण टॅग उतरला की ही खूणही जाते. आयपी हेडरमधली डीएससीपी खूण 6 बिटांची असते, 1998 साली आरएफसी 2474 ने ती निश्चित केली आणि ती पॅकेटबरोबर शेवटपर्यंत जाते. म्हणून मुख्य भिस्त डीएससीपीवर ठेवली. आवाजाला 46, फोनच्या सिग्नलिंगला 24, कॅमेऱ्यांना 34, वजनाच्या नोंदींना 18, बॅकअपला 8 आणि बाकी सगळ्याला 0.

यानंतर प्रश्न येतो तो विश्वासाचा. संगणकावरचा कोणताही प्रोग्रॅम आपल्या पॅकेटवर 46 लिहू शकतो, त्यामुळे सरसकट प्रत्येक पोर्टची खूण मान्य करता येत नाही. हाताशी सिस्कोचा कॅटॅलिस्ट 2960 होता. या मालिकेत क्यूओएस, म्हणजे प्राधान्यक्रमाची ही यंत्रणा, मुळात बंद असते आणि तोवर स्विच पॅकेटवरची खूण तशीच पुढे जाऊ देतो. ‘एमएलएस क्यूओएस’ ही कमांड दिली की चित्र पालटते: ज्या पोर्टवर विश्वास जाहीर केलेला नाही, तिथून आलेल्या पॅकेटची खूण 0 केली जाते. म्हणून आधी पोर्टची यादी आणि मग कमांड, हाच क्रम पाळावा. फोनच्या पोर्टवर, फोन ओळखला गेला तरच खूण मानायची, अशी अट घालता येते. कॅमेरे आणि संगणक यांच्या पोर्टवर मात्र पत्ता आणि पोर्ट क्रमांक पाहून स्विचनेच खूण मारावी. आणखी एक कोष्टक तपासावे लागते: टॅगमधला दर्जा 5 मूळ मांडणीत डीएससीपी 40 मध्ये बदलला जातो. आवाजासाठी तिथे 46 लिहावे लागते.

या स्विचमध्ये प्रत्येक पोर्टवर बाहेर जाण्यासाठी चार रांगा असतात. पहिली रांग आवाजाला दिली आणि ‘प्रायॉरिटी-क्यू आउट’ ने ती कडक प्राधान्याची केली. तिच्यात एकही पॅकेट असेल तोवर दुसऱ्या रांगांकडे पाहिले जात नाही. हे धोक्याचेही असते, कारण या रांगेत भरमसाट रहदारी शिरली तर बाकीची कामे उपाशी राहतात. विश्वासाची सीमा एवढी काटेकोर आखायची ती त्यासाठीच. उरलेल्या तीन रांगांत वजनांनुसार पाळी येते: कॅमेऱ्यांच्या रांगेला 70, वजनाच्या नोंदी आणि सिग्नलिंगला 10, बाकी सर्वांना 20. ‘शेअर’ पद्धतीत हे आकडे किमान वाटा सांगतात. कॅमेऱ्यांनी जागा न वापरल्यास ती इतरांना मिळते. ‘शेप’ पद्धतीत आकडा उलटा वाचला जातो: 1 भागिले तो आकडा एवढाच वाटा मिळतो आणि तोच कमाल मर्यादा ठरतो. या दोन पद्धतींतला फरक नीट समजून घेतल्याशिवाय आकडे लिहू नयेत.

बफरचीही वाटणी करावी लागते. क्यूओएस चालू झाले की पोर्टचा बफर चार रांगांत सारखा वाटला जातो. त्यामुळे पूर्वी सगळा बफर वापरणाऱ्या रहदारीची गळती वाढू शकते. आवाजाची पॅकेट्स लहान आणि मोजकी असतात, त्यांना मोठा बफर लागत नाही. तो कॅमेऱ्यांच्या रांगेला दिला. बॅकअप सर्वसाधारण रांगेतच ठेवला, पण त्याची सीमा खाली आणली: ती रांग 40 टक्के भरली की बॅकअपची पॅकेट्स आधी गळतात. टीसीपी ही गळती ओळखून वेग कमी करतो आणि काहीही न हरवता बॅकअप पुरा होतो.

मांडणी पुरी झाली की ती गर्दीत तपासायची. लिंक मोकळी असताना केलेली चाचणी काहीच सांगत नाही. मुद्दाम बॅकअप सुरू करून, कॅमेरे चालू ठेवून काट्यावरून फोन लावला. स्विचमधल्या आकड्यांत रांगेप्रमाणे आत आलेली आणि गळलेली पॅकेट्स दिसतात. पहिल्या रांगेत गळती शून्य आणि बॅकअपच्या सीमेवर गळती वाढती, असे चित्र हवे. तसेच ते मिळाले. पलीकडच्या टोकाला वायरशार्कने पकडलेल्या पॅकेट्सवर 46 ही खूण शाबूत होती. फोनच्या स्वतःच्या नोंदीतही हरवलेली पॅकेट्स दिसेनाशी झाली. कार्यालयातल्या माणसाला समोरच्याचे बोलणे पुन्हा विचारावे लागले नाही, ही खात्री यंत्राच्या आकड्यांइतकीच मोलाची होती.

हा उपाय चालतो तो रांग आपल्या स्विचमध्ये असेल तरच. गिगाबिट पोर्टपुढे 20 मेगाबिटची इंटरनेट सेवा असेल, तर रांग सेवादात्याच्या उपकरणात लागते आणि आपले नियम तिथे पोहोचत नाहीत. तेव्हा बाहेर जाणारा वेग आपल्याच उपकरणात 20 च्या थोडा खाली बांधून रांग आपल्याकडे आणावी लागते. दुसरी मर्यादा क्षमतेची. कॅमेरे 16 वरून 24 झाले तर त्यांचेच 96 मेगाबिट होतात. तेव्हाही आवाज शाबूत राहील, पण कॅमेरे आणि वजनाच्या नोंदी यांत कोणाचे नुकसान करायचे एवढीच निवड उरते. अशा वेळी रांगांचे आकडे फिरवत न बसता लिंक गिगाबिटची करावी.